कारखाना बुडाला, जबाबदारी कोणाची?
जुन्या मोटारींचे ‘रिकॉल’ आणि आपले बेट

जून २०२५ मध्ये फ्रान्समधील रँस शहराजवळ सित्रोएन सी-३ गाडी चालविणाऱ्या एका बाईला अपघात झाला. अपघातात जीव वाचावा म्हणून स्टिअरिंगच्या चाकात जी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, बसविलेली असते, तिच्याच स्फोटाने त्या बाईचे प्राण गेले. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने त्या पिढीच्या सी-३ आणि डीएस-३ गाड्या फ्रान्सभर जागच्या जागी उभ्या करा, दुरुस्तीशिवाय चालवू नका, असे मालकांना बजावले.

ही बातमी फ्रान्सची म्हणून आपण पान उलटू नये. ज्या कारणाने हे घडले, त्याच कारणाने फ्रान्सच्या अमलाखालील प्रदेशांत जे मृत्यू झाले आहेत, त्यांतील बहुतेक मृत्यू युरोपात झालेले नाहीत. ते समुद्रापारच्या उष्ण, दमट प्रदेशांत झाले आहेत. असे जे फ्रेंच प्रदेश आहेत त्यांत आपला शेजारी रियुनियनही येतो. आपल्या किनाऱ्यापासून तो सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. जी हवा तिथे तीच इथे, जो पावसाळा आणि जी चक्रीवादळे तिथे तीच इथे.

त्या एअरबॅगमधील सदोष भाग बनविणारी जपानची ताकाता कंपनी आज अस्तित्वात नाही. २०१७ च्या जून महिन्यात तिने दिवाळे जाहीर केले. २०१८ मध्ये तिचा बहुतेक धंदा दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. पण तिने बनविलेले भाग मात्र जगभरच्या लाखो गाड्यांत अजून बसलेले आहेत. बनविणारा गेला, बनविलेले राहिले. मग अशा मालाची जबाबदारी कोणी घ्यायची, आणि ज्याच्या दारात ती गाडी उभी आहे त्या माणसाने काय करायचे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

पिशवीच्या आत काय बिघडते

प्रथम दोष कोणता हे नीट समजून घेऊ. एअरबॅगच्या मागे धातूचा एक लहानसा डबा असतो. त्यात रसायनाच्या वड्या भरलेल्या असतात. टक्कर झाली की त्या क्षणार्धात पेट घेतात, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. ताकाताने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरले. उसाच्या शेतांत वाढलेल्या आपल्या माणसांना या जातीचे पदार्थ खत म्हणून ठाऊक आहेत. अशा खताची पिशवी दमट हवेत उघडी राहिली तर काय होते, हेही ठाऊक आहे. ते ओल धरते आणि त्याचे गोळे होतात.

एअरबॅगच्या डब्यात हेच वर्षानुवर्षे सावकाश घडत राहते. दिवसा उन्हात उभी असलेली गाडी तापते, रात्री निवते. या रोजच्या चढउतारात ओलावा आत जातो आणि वड्यांचा घट्टपणा कमी होतो. अशा वड्या पेटल्या की ठरल्यापेक्षा फार वेगाने जळतात. डब्याला तो दाब सोसत नाही, डबा फुटतो आणि धातूचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या गळ्यात व छातीत घुसतात. अपघात किरकोळ असला तरी माणूस दगावू शकतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, हा दोष गाडी नवी असताना दिसत नाही. तो वयाबरोबर वाढतो. दुसरी, थंड कोरड्या देशापेक्षा उष्ण दमट देशात तो लवकर वाढतो. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने म्हणूनच देशाचे तीन विभाग पाडले आणि अधिक धोक्याच्या पहिल्या विभागात फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताकाठची राज्ये, हवाई आणि प्वेर्तो रिको यांना घातले. हवाई आणि प्वेर्तो रिको ही आपल्यासारखीच बेटे आहेत. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अक्युरा गाड्यांमधील डबे २०१६ मध्ये तपासले, तेव्हा त्यांतील काहींची फुटण्याची शक्यता पन्नास टक्क्यांपर्यंत आढळली. तेथील सरकारने त्या गाड्या मुळीच चालवू नयेत असे सांगितले.

एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख असे डबे परत बोलाविले गेले. तेथील मृतांचा आकडा २८ पर्यंत गेला आहे आणि जखमी झालेले चारशेहून अधिक आहेत. याचा अर्थ एअरबॅग वाईट आहे असा कोणी करून घेऊ नये. चांगल्या एअरबॅगने हजारो जीव वाचविले आहेत. प्रश्न फक्त सदोष डब्याचा आहे आणि तो बदलून मिळतो. परत बोलावून फुकट दुरुस्त करून देण्याच्या या कामालाच ‘रिकॉल’ म्हणतात.

बुडालेल्या कंपनीचे वारस

आता जबाबदारीकडे वळू. गाडीचा एखादा भाग बनविणारी कंपनी बुडाली, पण गाडी बनविणारी जिवंत असली, तर मालकाचा मार्ग पुष्कळसा सोपा राहतो. होंडा, टोयोटा, निसान, माझदा आज उभ्या आहेत. ताकाताचे काहीही होवो, गाडी आपल्या नावाने विकली म्हणून डबा बदलून देणे त्यांना भाग पडते. अमेरिकेत जानेवारी २०१७ मध्ये ताकाताने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि शंभर कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यातील ८५ कोटी डॉलर मोटार कंपन्यांच्या भरपाईसाठी होते. पण डबे बदलण्याचे खरे ओझे मोटार कंपन्यांवरच पडले.

कठीण प्रसंग येतो तो गाडी बनविणारीच कंपनी नाहीशी होते तेव्हा. अशा वेळी तीन प्रकार पाहण्यात येतात.

पहिला प्रकार, जुन्या कंपनीचा धंदा घेणारी नवी कंपनी रिकॉलची जबाबदारीही घेते. अमेरिकेची जनरल मोटर्स २००९ च्या जूनमध्ये दिवाळ्यात गेली आणि पुढच्याच महिन्यात नव्या कंपनीच्या रूपाने उभी राहिली. पाँटिअ‍ॅक आणि सॅटर्न ही तिची जुनी नावे त्यानंतर बंद पडली. परंतु नव्या कंपनीने खरेदीच्या करारातच जुन्या गाड्यांच्या रिकॉलचे काम पत्करले होते. म्हणून २०१४ मध्ये गाडीच्या किल्लीच्या स्विचमधील दोष उघड झाला, तेव्हा बंद पडलेल्या सॅटर्न आणि पाँटिअ‍ॅक गाड्याही दुरुस्तीस बोलाविल्या गेल्या. तो भाग सुधारण्यास अवघे ५७ सेंट लागले असते, असे अमेरिकन संसदेसमोरील चौकशीत सांगितले गेले. त्या दोषापायी १२४ मृत्यू झाल्याचे भरपाई निधीने मानले. मृतांच्या नातेवाइकांनी दावे लावले, तेव्हा जुन्या कंपनीचे देणे आमच्यावर नाही असे नव्या कंपनीचे म्हणणे पडले. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ते म्हणणे पुष्कळ अंशी अमान्य केले. दुरुस्तीची जबाबदारी आणि नुकसानभरपाईची जबाबदारी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या खटल्यावरून ध्यानात येते.

दुसरा प्रकार, गाडीवरचे नाव एकाचे आणि बनविणारा दुसराच. स्वीडनची साब कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोर झाली. तिच्या गाड्यांतही ताकाताचे डबे होते. मग अमेरिकेत त्या गाड्यांना कोणी बोलावले? साब ९-३ आणि ९-५ यांचे रिकॉल जनरल मोटर्सने केले, कारण साब पूर्वी तिच्या मालकीची होती. पण साब ९-२एक्स नावाची गाडी खरी जपानच्या सुबारूने बनविलेली, नाव फक्त साबचे. तिचे रिकॉल सुबारूने केले. पाँटिअ‍ॅक व्हाइब ही अशीच टोयोटाच्या जोडीने बनलेली गाडी. सांगायचे एवढेच की बॉनेटवरचे नाव बुडाले म्हणून गाडी पोरकी झाली असे समजू नये. तिला कोणी ना कोणी वारस असतो. तो कोण, हे मात्र शोधावे लागते.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. कंपनीची मालमत्ता तुकड्यातुकड्यांनी विकली जाते. यंत्रे एकाकडे, नाव दुसऱ्याकडे, आणि जुन्या गाड्या कोणाकडेच नाहीत. इंग्लंडची एमजी रोव्हर एप्रिल २००५ मध्ये कोसळली. तिची मालमत्ता चीनच्या नानजिंग कंपनीने घेतली आणि ती पुढे शांघायच्या साइक कंपनीत मिळाली. ‘रोव्हर’ हे नाव मात्र फिरत फिरत फोर्डकडे आणि तेथून २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हरबरोबर आपल्या मुंबईच्या टाटांकडे आले. म्हणजे आज ‘एमजी’ची पाटी शांघायकडे, ‘रोव्हर’ची पाटी टाटांकडे. पण नाव विकत घेणारा त्या नावाने वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याने विकलेल्या गाडीचा जामीन होतोच असे नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून जवळचे आहे. पुण्याजवळच्या तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. कंपनीने २०१७ अखेर भारतात शेव्हरोले गाड्यांची विक्री थांबविली आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादनही बंद केले. पुढे तो कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने विकत घेतला. पण ह्युंदाईने घेतला तो कारखाना. रस्त्यावर धावणाऱ्या शेव्हरोले तिने घेतल्या नाहीत. पुण्या-मुंबईच्या कोणा नातेवाइकाकडे अशी गाडी असेल तर त्याने विचारायचे ते जनरल मोटर्सलाच, ह्युंदाईला नव्हे.

पत्र येते कोणत्या पत्त्यावर?

पुष्कळांना वाटते, रिकॉल असेल तर कंपनी पत्र पाठवीलच. पत्र आले नाही, म्हणजे गाडी ठीक आहे. आपल्या बेटावर हा समज घातक ठरू शकतो.

रिकॉलचे पत्र गाडीच्या नोंदलेल्या मालकाला जाते. जपानमध्ये वापरलेली गाडी परदेशी पाठवायची झाली, की तिची तेथील नोंदणी रद्द करून निर्यातीचा दाखला दिला जातो. त्या क्षणापासून जपानच्या दफ्तरात त्या गाडीला घर नसते. पुढे ती जहाजातून पोर्ट लुईला उतरते, आपण ती रिकंडिशन्ड म्हणून घेतो, रंग, टायर, सीट पाहून खूश होतो. तीन-चार वर्षांनी जपानमध्ये त्या मॉडेलचे रिकॉल निघाले, तर पत्र कोणाला जाणार? पहिल्या मालकाकडे ती गाडी नाही आणि आपला पत्ता कंपनीला ठाऊक नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरी अशीच एक जपानी गाडी आहे. ती प्रथम वडिलांनी घेतली, मग थोरल्या मुलाने वापरली. आता धाकटी मुलगी तीच घेऊन रोज कामाला जाते आणि गणपतीच्या विसर्जनाला सारे घर तिच्यातच दाटीवाटीने बसून किनाऱ्यावर जाते. वडील त्या कंपनीच्या येथील विक्रेत्याकडे रिकॉलची चौकशी करण्यास गेले. “ही गाडी आम्ही आणलेली नाही,” असे उत्तर मिळून ते परत आले. त्यांनी मग ती गोष्ट सोडून दिली. आमच्या मते त्यांनी सोडायला नको होती, पण त्यांना दोष देववत नाही. पुढे कोणाचे दार ठोठावायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

वयाची अडचण आणखी निराळी. अमेरिकेत पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षांपर्यंतच रिकॉलची दुरुस्ती फुकट करण्याची सक्ती आहे. तेथील सरकारी यादीत गाडीचा क्रमांक घालून पाहिला, तर पंधरा वर्षांहून जुने रिकॉल दिसेलच असे नाही, आणि इतर देशांसाठी बनलेल्या गाड्या तर तिथे दिसतच नाहीत. भारतात १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचा नियम लागू झाला. पण तो सात वर्षांच्या आतील वाहनांपुरता आहे. २०१७ मध्ये विकलेली शेवटची शेव्हरोलेही २०२४ अखेर त्या कुंपणाबाहेर गेली.

हा विचित्र न्याय नीट पाहावा. दोष वयाबरोबर वाढतो आणि कायद्याचे संरक्षण वयाबरोबर कमी होते. शिवाय जुनी गाडी कोणाकडे असते? नवी घेण्याची ऐपत नसलेल्याकडे, नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलाकडे, रिटायर झालेल्या आजोबांकडे. ज्यांना चौकशीचे मार्ग कमी ठाऊक, त्यांच्याच वाट्याला सर्वांत जुना डबा येतो. म्हणून हा प्रश्न नुसता यंत्राचा नाही. तो गरीब-श्रीमंतीचाही आहे.

गाडी कशी तपासावी

यावर उपाय आहे, आणि पहिल्या पायरीला पैसा लागत नाही. एक संध्याकाळ आणि एक कागद पुरे.

प्रथम गाडीचा चॅसी नंबर उतरवून घ्यावा. तो नोंदणीच्या पुस्तकात असतो आणि गाडीवरही ठोकलेला असतो. बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर, पुढच्या सीटखाली किंवा दाराच्या चौकटीजवळ तो सापडतो. दोन्ही नंबर एकच आहेत ना, हे पाहून घ्यावे.

मग नंबराचा प्रकार पाहावा. युरोपसाठी किंवा अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीला सतरा अक्षरांचा नंबर असतो. जपानच्या घरच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला तसा नसतो. तिथे काही अक्षरे, मध्ये आडवी रेघ आणि पुढे आकडे असा लहान नंबर असतो. हा भेद महत्त्वाचा आहे. लहान नंबराची गाडी अमेरिकन किंवा इंग्रजी यादीत शोधली, तर काहीच सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा मुळीच नव्हे. आपण चुकीच्या दफ्तरात विचारले, एवढाच त्याचा अर्थ.

जपानी नंबराची गाडी त्या कंपनीच्या जपानमधील यादीतच तपासावी. टोयोटा, होंडा, निसान अशा कंपन्यांनी इंटरनेटवर ती सोय ठेवली आहे. नंबर घातला की कोणते रिकॉल निघाले आणि त्यातले कोणते काम व्हायचे राहिले आहे, ते दिसते. मजकूर जपानीत असतो, पण फोनवर भाषांतराची सोय आता सर्वांकडे आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे काम पंधरा मिनिटांचे आहे. सतरा अक्षरांचा नंबर असेल, तर ज्या देशासाठी गाडी बनली त्या देशाच्या यादीत पाहावे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना तर नोंदणी क्रमांक घालून एमओटीचा इतिहास पाहिला की राहिलेले रिकॉलही कळते.

कंपनी बुडालेली असेल, तर तिच्या नावाने शोधत बसू नये. तिचा धंदा कोणी घेतला, गाडी मुळात कोणत्या कारखान्यात बनली, हे विचारावे आणि त्या कंपनीच्या ग्राहक खात्याला लिहावे. जपानी गाडीचा येथील विक्रेता ‘आमची नाही’ म्हणाला, तर ते उत्तर त्याच्याकडून लेखी मागावे. मग ते उत्तर, यादीतील नोंद आणि चॅसी नंबर जोडून मूळ कंपनीला पत्र पाठवावे. तोंडी नकार देणे सोपे असते, लेखी देताना माणूस विचार करतो.

‘पूर्वी एकदा डबा बदलला आहे’ हे ऐकूनही थांबू नये. सुरुवातीला नव्या प्रकारचे डबे पुरेसे नव्हते, म्हणून काही गाड्यांत तात्पुरता त्याच जातीचा डबा घातला गेला. अशा गाड्यांना दुसऱ्यांदा बोलाविले आहे. म्हणून वर्षातून एकदा, फिटनेस करण्याच्या सुमारास, यादी पुन्हा पाहावी. नवे रिकॉल केव्हाही निघू शकते.

काय करू नये हेही सांगितले पाहिजे. एअरबॅग आपल्या हाताने काढू नये किंवा तिची तार तोडू नये. त्या डब्यात स्फोटक आहे. मोडीत निघालेल्या गाडीची जुनी एअरबॅग स्वस्त मिळते म्हणून बसवून घेऊ नये, कारण तिचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. नकली भागांचे भय तर आणखी आहे. असे कमअस्सल डबे बसविलेल्या गाड्यांत काही माणसे दगावल्याने २०२४ मध्ये अमेरिकन सरकारला इशारा द्यावा लागला. दोष फक्त पुढच्या प्रवाशाच्या बाजूचा असेल, तर काम होईपर्यंत त्या सीटवर कोणाला बसवू नये. आणि ‘चालवू नका’ अशी सूचना असेल, तर ती अक्षरशः पाळावी. चार दिवस बसने जाण्याची गैरसोय सोसवते.

सरकारचा वाटा

सर्व भार मालकावर टाकून चालणार नाही. पिशवीच्या आतली वडी कोणत्याही मेकॅनिकच्या डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक आणि दिवे पाहून हा दोष सापडणे अशक्य. तो सापडतो फक्त नंबर जुळवून, आणि नंबर जुळविण्याचे काम वाहनाची नोंद ज्याच्याकडे आहे त्यालाच सर्वांत सोपे.

दोन देशांनी ते करून दाखविले आहे. जपानने मे २०१८ पासून, ज्या गाड्यांतील ताकाता डबे अधिक धोक्याचे ठरले आणि बदललेले नाहीत, त्यांना तपासणीचा दाखला देणे बंद केले. दाखला नाही तर रस्ता नाही. दुरुस्ती फुकट असल्याने मालकाची तक्रार उरली नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये एका माणसाचा असा मृत्यू झाल्यावर सरकारने २०१८ मध्ये रिकॉल सक्तीचे केले. तीस लाखांहून अधिक गाड्या त्यात आल्या आणि कंपन्यांना २०२० अखेरची मुदत दिली. पत्र, फोन, घरी माणूस पाठविणे, इतके करूनही न आलेल्या गाड्यांची नोंदणी राज्यांनी रोखली. मुदत संपली तेव्हा जवळजवळ सर्व काम झाले होते.

आपला देश लहान आहे आणि या बाबतीत ते सोयीचेच आहे. गाड्या मोजक्या बंदरातून येतात, नोंद एका ठिकाणी होते, तपासणी ठरलेल्या केंद्रांवर होते. आमच्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. वापरलेली गाडी बंदरात उतरताच तिचा चॅसी नंबर मूळ देशाच्या रिकॉल यादीशी जुळवावा आणि काम राहिले असेल, तर आणणाऱ्या व्यापाऱ्याने ते करून मगच ती विकावी. फिटनेसच्या टेबलावरही तोच नंबर दरवर्षी जुळवावा आणि मालकाला लेखी उत्तर द्यावे. आणि ज्या कंपनीचा येथे अधिकृत विक्रेता आहे, तिच्या नावाची गाडी कोणीही आणलेली असो, सुरक्षेचे रिकॉल त्याने नाकारू नये आणि खर्च मूळ कंपनीकडून घ्यावा. व्यापारी म्हणतील, याने गाड्या महागतील. थोड्या महागतीलही. पण बिनतपासणीच्या गाडीची खरी किंमत आज ग्राहक न कळत भरतोच आहे.

उद्याचे चित्रही दिसू लागले आहे. विजेच्या गाड्या बनविणारी अमेरिकेची फिस्कर कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळ्यात गेली. तिच्या ओशन गाड्यांची रिकॉल बाकी होती. दुरुस्तीची मजुरी मालकांनी द्यावी, असे प्रथम सुचविले गेले. त्यावर तेथील सरकारने न्यायालयात हरकत घेतली, कारण त्या देशाच्या कायद्याने दिवाळे निघाले तरी रिकॉलचे कर्तव्य सुटत नाही. परंतु कायदा असला तरी काम करणारे हात, सुटे भाग आणि गाडीच्या संगणकाला सूचना पाठविणारी यंत्रणा कोठून आणायची? नव्या नव्या कंपन्यांच्या विजेच्या गाड्या आपल्याकडेही येत आहेत. त्या घेताना मैल किती चालते, एवढे विचारून भागणार नाही. ही कंपनी दहा वर्षांनी असेल काय, आणि नसली तर दुरुस्ती कोण करील, हाही प्रश्न विक्रेत्याला विचारावा लागेल.

आपल्या पूर्वजांनी या बेटावर पै पै जोडून संसार उभे केले. वस्तू टाकून देण्याची आपल्याला सवय नाही. बापाची गाडी मुलाने आणि मुलाची नातवाने वापरावी, यात कमीपणा काही नाही. पण वारशाने गाडी देताना तिच्याबरोबर तिचा चॅसी नंबर तपासल्याचा कागदही द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे. पुढच्या गणपतीला गाडी किनाऱ्याकडे काढण्यापूर्वी, वाचकहो, बॉनेट उघडून तो नंबर एकदा उतरवून घ्या, आणि शेजारच्या काका-मावशींची गाडी जुनी असेल, तर त्यांचाही नंबर तुमच्या मुलाकडून पाहून द्या.